खळग्याचा दगड

उंबरमाळीच्या अलीकडच्या पाड्यावर गोजाबाईला सगळे ‘चौकशी’ म्हणतात. एसटी स्टँडच्या खिडकीवर लिहिलेलं असतं ना, तेच. फरक एवढाच, की त्या खिडकीपाशी लोक विचारतात आणि आतला माणूस सांगत नाही. इथे गोजाबाईच विचारते आणि समोरच्याची सुटका नसते. कुणाकडे बोअरवेलची गाडी आली, की ही गाडीवाल्याच्या शेजारी उकिडवी. किती फूट गेलं, माती कुठल्या रंगाची लागली, पाणी गोड का मचूळ, सगळं विचारून घेणार. साठी आली तरी बाईची खोड काही गेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती जाऊ नये असंच मला वाटतं.

तीन वर्षांपूर्वी तिला शहापूरच्या बाजारात झाडलोटीचं काम लागलं. दुकान होतं प्रज्वलचं. हा तिशीतला मुलगा रंगीत मासे, काचेच्या टाक्या, प्लास्टिकची झाडं आणि तोंड उघडून बुडबुडे सोडणारे चिनी मातीचे बेडूक विकायचा. सकाळी शटर उघडायचं, झाडायचं, काचा पुसायच्या, माशांना चिमूट चिमूट खाणं टाकायचं, हे गोजाबाईचं काम. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “हे मासे झोपतात कवा?”

“झोपतात मावशी. डोळे उघडे ठेवून झोपतात.”

“मी बघितल्याशिवाय नाय मानायची.”

आणि तिला बघायला काही मिळालं नाही. विक्रीच्या टाक्यांतले दिवे कधी विझत नसत, आणि शटरचा आवाज झाला रे झाला की झाडून सगळे मासे काचेला तोंड लावून खायला मागत.

प्रज्वलच्या डोक्यात मात्र वेगळंच खूळ होतं. मोबाइलवर त्याने पाण्याखालची जंगलं पाहिली होती. खरी माती, खऱ्या वनस्पती, मधून वर आलेलं लाकूड, दगड, आणि त्यांतून फिरणारे मासे. दुकानाच्या दर्शनी भागात तसली एक टाकी लावायची, असं त्याने मनावर घेतलं होतं. दोनदा लावली आणि दोनदा फसली. पहिल्या वेळी त्याने फरशीवाल्याकडचे पांढरेशुभ्र दगड घातले. त्यांतला चुना पाण्यात उतरला आणि झाडं पिवळी पडून सडली. दुसऱ्या वेळी विकत आणलेलं लाकूड न भिजवताच बसवलं. सकाळी गोजाबाईने शटर उघडलं तर लाकूड पाण्यावर तरंगत होतं आणि सगळी रोपं मुळासकट वर.

“आता शेवटची,” प्रज्वल म्हणाला. “नाय जमली तर ही काच विकून टाकतो आणि बेडूकच विकत बसतो.”

“मी लावू?” गोजाबाईने विचारलं.

प्रज्वल हसला. मग हसायचा थांबला, कारण बाई हसत नव्हती. तीन वर्षं तिने या टाक्या बाहेरून पुसल्या होत्या. एकदा तरी आत हात घालून, स्वतःच्या मनाने, तळापासून एक पाणी उभं करावं, अशी तिची फार इच्छा होती. जन्मभर ओहळाचं पाणी तिने वरूनच पाहिलं होतं. आत काय चालतं ते तिला बघायचं होतं.

“दगड आणि लाकूड माझ्याकडे लागलं,” ती छातीला हात लावून म्हणाली. “आमच्या ओहळात मस पडलंय. तू फक्त रोपं आण.”

प्रज्वलने मान डोलावली. गोजाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रविवारी भावाला, धाऊला, कामाला जुंपून ती ओहळात उतरली. डिसेंबर सरत आला होता, पाणी घोट्याएवढं. वरच्या अंगाला एक कोंड आहे, उन्हाळ्यातही न आटणारा डोह. त्याच्या काठाशी, वाळूत निम्मं रुतलेलं एक मूळ तिला दिसलं. साल गेलेली, पुराच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेलं, तीन बोटं पसरल्यासारख्या फांद्या. तिथेच एक काळा दगड. मधोमध वाटीएवढा खळगा, जणू कुणी मापून कोरलेला. “पाण्यानं बघ कसा खळगा पाडलाय,” गोजाबाई म्हणाली. धाऊ विडी शोधण्यात गुंतला होता, त्याने नुसतं “हं” केलं. मूळ जांभळीचं असणार, असं तिने ठरवून टाकलं. काठावर जांभळी होत्या, म्हणजे मूळ जांभळीचंच.

दुकानात प्रज्वल त्या दोन वस्तूंभोवती फिरतच राहिला. दगडावर त्याने लिंबू पिळून पाहिलं. फेस आला नाही, म्हणजे चुना नाही. टाकीत काळी, खत मुरलेली माती पसरली. गोजाबाईने ती मागे उंच, पुढे उतरती केली, अगदी पाड्यामागच्या टेकडीसारखी. प्रज्वल दगड मधोमध ठेवायला गेला तर म्हणाली, “मधी कशाला? ओहळात कुठला दगड मधी बसतो रे?” दगड डावीकडे, जरा तिरका, निम्मं बूड मातीत गाडून बसला. प्रज्वल लांब जाऊन बघून आला आणि म्हणाला, “मावशी, तुमचा हात बघा ना!” तो आनंद बाईला दोन दिवस पुरला.

लाकूड आधी उकळायचं होतं, म्हणजे रंग सुटतो आणि जडही होतं. मंगळवारी प्रज्वल कल्याणला रोपं आणायला गेला. जाताना दुकानाच्या मागे मोठ्या पातेल्यात मूळ उकळत ठेवून गेला. गोजाबाई पुढे झाडत होती. तासाभराने वाफेचा वास पुढपर्यंत आला, आणि तिचा झाडू जागच्या जागी थांबला.

कडू, तुरट, घशात बसणारा वास. तिला आठवलं: ती सात-आठ वर्षांची होती. चैत्रातली दुपार. कोंडाच्या काठाला सगळा पाडा जमलेला. तिचा बाप जैतू दगडावर कुंभ्याच्या झाडाच्या मुळीची साल ठेचतोय, दुसरे दोघे तो चोथा टोपलीतून पाण्यात घुसळतायत. अन् थोड्याच वेळात मासे वर यायला लागले, कुशीवर, पोट वर करून. शिंगटी, मळे, बोटाएवढी पिल्लं. तेव्हाही हिची चौकशी चालूच होती.

“बाबा, हे झोपले?”

“हां, झोपले.”

“मंग उठतील कवा?”

“आपल्या ताटात,” बाप म्हणाला, आणि सगळा पाडा हसला.

गोजा हसली नव्हती. तिने एक मासा गुपचूप डब्यात चांगलं पाणी घेऊन ठेवला आणि दिवेलागणीपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. तो उठला नाही. मग तिने बाकीच्यांबरोबर जेवण केलं. भूक लागली होती, काय करणार.

ती मागे गेली. गॅस बंद केला, मूळ चिमट्याने वर काढलं. तीन बोटांच्या बेचक्यात, जिथे पुराचं पाणी पोचलं नव्हतं, तिथे लालसर सालीचा एक पट्टा अजून चिकटलेला होता. नखाने खरवडला, जिभेला लावला आणि थुंकली. कुंभाच होता तो. कोंडाच्या काठाला कुंभ्याचं झाड नाहीच. साल ठेचून झाली की उरलेली मुळी माणसं तिथेच फेकून द्यायची. आपण जांभळीचं समजून उचललं ते माणसांनी मासे मारायला आणलेलं लाकूड होतं. आणि दगडाचा खळगा? तो पाण्याने पाडलेला नव्हता.

दुपारी प्रज्वल आला. ओल्या कागदात गुंडाळलेली रोपं काखेत, चेहरा लग्नघरासारखा. गोजाबाईला गप्प बसता आलं असतं. उकळून उकळून विष निघूनही गेलं असेल, कुणी सांगावं? बोलली तर चौकशीबाईला साधं लाकूड ओळखता आलं नाही, हे उघड होणार, आणि हातातली टाकी जाणार. तरी ती बोलली.

“पोरा, हे लाकूड नको. मासे मारायचं हाय हे. माझी चूक झाली.”

“अहो, सगळ्याच लाकडांना वास येतो मावशी.”

“सगळ्यांचा नाय सांगत. याचा सांगते.”

प्रज्वलला पटेना. त्याने त्या पातेल्यातलं गार झालेलं पाणी मगभर घेतलं आणि एक गप्पी त्यात सोडला. “नको रे,” गोजाबाई म्हणाली, पण तोवर सोडला होता. मासा दोनदा गरकन फिरला, मग कुशीवर झाला. गोजाबाईने त्याला ओंजळीत उचलून चांगल्या पाण्यात टाकलं आणि वाकून बघत बसली, डब्याजवळ बसली होती तशीच. गप्पी उठला नाही.

प्रज्वल स्टुलावर बसला. मग तो म्हणाला, “तुमी सांगितलं नसतं तर...” आणि ते मूळ उचलून बाहेर टाकून आला. “दगडपण जाऊ दे मावशी. आपण नवीन बघू.”

“दगडानं काय केलं रे?” ती एकदम चिडून म्हणाली. “ठेचणारे आमी.”

तिने दगड टाकीतून काढला, काथ्याने घासला, खळगा तर नखं दुखेपर्यंत. पंधरा दिवस तो उन्हात आणि नळाखाली आलटूनपालटून राहिला. शेवटी तो बादलीत बुडवून त्या पाण्यात प्रज्वलने तीन गप्पी आठवडाभर ठेवले. गोजाबाई रोज सकाळी आधी त्यांना बघून मगच झाडू हातात घ्यायची. तिन्ही ठणठणीत.

मधल्या रविवारी ती पुन्हा ओहळात गेली. धाऊला म्हणाली, “तो खळग्याचा दगड आठवतो तुला?”

“न आठवायला काय झालं? बाबाचाच दगड तो. कुंभा त्याच्यावरच ठेचायचा.”

“मंग त्या दिवशी बोलला का नाय?”

“तू इचारलंस कुठं?” धाऊ म्हणाला.

या वेळी तिने एकही लाकूड नुसतं दिसण्यावर घेतलं नाही. खरवडलं, हुंगलं, चावलं. शेवटी दोन पावसाळ्यांपूर्वी कोसळलेली एक जांभूळ गाठली. बुंधा जागेवर, मुळं अजून बुंध्याला धरून. तिचंच एक वाकडं मूळ धाऊकडून तोडून घेतलं. ते उकळून तीन आठवडे पिंपात दगडाखाली दाबून ठेवलं. आपसूक तळाला बसलं तेव्हाच ते टाकीत गेलं, खळग्याच्या दगडावर एक फांदी टेकवून. बादलीत जगवून ठेवलेली रोपं गोजाबाईने चिमट्याने भाताची आवणी केल्यासारखी ओळीत लावली. प्रज्वल म्हणाला, ओळ नको, विस्कटून लावा. ती म्हणाली, माझ्या हाताला ओळच येते. तशीच राहिली, आणि पालवी धरल्यावर ती ओळ कुणाला ओळखूही आली नाही.

पाणी मुरायला आणखी महिना दिला. मग एका संध्याकाळी प्रज्वलने मासे सोडले, लाल-निळे लहानगे वरच्या पाण्यात, आणि तळाशी बसणारे चार मिशीवाले. या टाकीचा दिवा आपोआप विझायचा आणि सकाळी आठला आपोआप लागायचा. झाडांना अंधार लागतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी गोजाबाई पावणेआठलाच पोचली. शटर तिने निम्मंच आणि हळू उचललं, वाकून आत शिरली. टाकीत अंधुक उजेड होता. तीन मिशीवाले लाकडाच्या सावलीत दिसले. चौथा खळग्यात होता. बापाच्या दगडाच्या बरोबर वाटीत, जरा कलंडून, हालचाल नाही. डोळा उघडा.

तिच्या मनात आलं, घासलं तरी राहिलंच काहीतरी. काचेवर टिचकी मारायला हात उचलला आणि तिने तो आवरला. झाडू मांडीवर घेऊन तिथेच उकिडवी बसली. पन्नासेक वर्षांपूर्वी बसली होती तशी.

आठला दिवा लागला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक मिशी हलली. मासा सरळ झाला, खळग्यातून निघाला, सरसर वर जाऊन हवेचा घोट घेतला आणि परत खाली येऊन माती उकरायला लागला.

प्रज्वल आला तेव्हा शटर निम्मंच होतं, केर तसाच पडला होता आणि गोजाबाई टाकीसमोर बसून पदराने डोळे पुसत होती. तो घाबरला. “काय झालं मावशी? मेला का एखादा?”

“नाय रे,” ती म्हणाली. “झोपला होता. उठला.”