तिच्या शटरवर माझं पत्रक

तिमूरचा दाणा दाताखाली आला की आधी काहीच होत नाही. मग लिंबाच्या सालीसारखा एक वास नाकापर्यंत चढतो आणि जीभ हळूहळू आपली राहत नाही. तिच्यावर मुंग्या चालू लागतात, ओठांची कड थरथरते, पाणी प्यावं तर साधं पाणीही खारट लागतं. दक्षिण कोकणात बांगड्याच्या कालवणात तिरफळं टाकतात, त्यांचंच हे हिमालयातलं भावंड, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा तो दाणा चावला तेव्हा मी हातातला मोमो खाली ठेवला आणि घाबरून दाराबाहेर बघितलं. बोईसरमध्ये वाढलेल्या माणसाची जीभ बधिर झाली की त्याला मसाला आठवत नाही, कारखाना आठवतो!

आमच्या गावाची सकाळ वासाने सुरू होते. खिडकी उघडण्याआधी आम्ही हवा हुंगतो. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर ठीक, तो रोजचा. गोडसर वास असेल, म्हणजे कुठेतरी वायू गळत असेल, तर मात्र आई गच्चीवरचे कपडे आत आणते आणि कुणी काही बोलत नाही. या न बोलण्याचं मला लहानपणापासून भय वाटत आलं आहे. सुगंधाला भिणारं गाव तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिलं आहे का? मोगऱ्याचा गजरा घेऊन कुणी घरात शिरलं तरी आमचा श्वास क्षणभर थबकतो.

स्टेशनकडून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंक्चरच्या दुकानाला लागून, पत्र्याचं छप्पर असलेलं ते हॉटेल आहे. पाटीवर ‘नेपाली अँड चायनीज’ एवढंच. चार टेबलं, एक मोठी शेगडी, वाफेने सदा ओली असलेली भिंत. चालवते ती दीदी. तिचं नाव मैया, पण तिला सगळे दीदीच म्हणतात. चाळिशीची, बुटकी, बोलण्यात तुटक. नवरा एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन, मुलगी इथल्याच मराठी शाळेत सातवीला. दुपारी तीनला पहिली पाळी सुटली की ती चार टेबलं भरून जातात. ओडिशाचे हेल्पर, जौनपूरचा वेल्डर, जव्हारच्या डोंगरातून इथे खोली करून राहिलेली मुलं, मासळीबाजार उरकून किनाऱ्यावरच्या मुरबे गावी परतणाऱ्या कोळणी मावश्या. मावश्यांनीच दीदीला सुका जवळा आणून दिला आणि तो सारणात घालून बघ म्हणून तिच्या मागे लागल्या. तेव्हापासून तिथे जवळ्याचे मोमो मिळतात, आणि त्यांच्याबरोबर टोमॅटो नि तिमूरची ती लालभडक चटणी. हा पदार्थ काठमांडूत नाही, चीनमध्ये नाही, मुरब्यातही नाही. तो फक्त त्या पत्र्याखाली जन्मला.

दीदीची एक सवय मला फार आवडायची. कुठेतरी भोंगा वाजला, मोठा आवाज झाला किंवा हवेला वेगळा वास आला की ती आधी सिलिंडरची चावी बंद करते, कढईत काही का असेना. मग दारात जाऊन उभी राहते आणि कारखान्यांतून अजून बाहेर न पडलेल्यांची नावं पुटपुटते. कुणाची कुठली पाळी, हे तिला सुपरवायझरपेक्षा जास्त ठाऊक. शेवटचं नाव रस्त्यावर दिसलं की पुन्हा शेगडी पेटते.

मी पत्रकांवर वाढले. बाबा कामगार संघटनेचे. माझ्या बाराखडीची पहिली अक्षरं पाटीवर उमटली नाहीत, ती सायक्लोस्टाइलच्या शाईने माझ्या बोटांवर उमटली. पाचव्या वर्षी मी पत्रकाची घडी अशी घालायचे की मथळा वर यावा. बाबांचा नियम एकच, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. ज्याने अन्याय केला त्याचं नाव पत्रकात असलं पाहिजे, आणि ज्याने लिहिलं त्याचंही. ही दोन नावं नसतील तर कागद वाया घालवू नये. त्यांची फुप्फुसं आता साथ देत नाहीत. ते खिडकीपाशी बसून असतात आणि माझे लेख भिंग धरून वाचतात. आपल्यानंतर ही लेखणी पोरीच्या हातात गेली, याचं त्यांना समाधान आहे. होतं, असं म्हणू का?

पावसाळ्यानंतर एका रंगाच्या कारखान्यातून तीस मुलं काढली गेली. स्थानिक मुलं, बहुतेक जण कंत्राटावरची. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी बूट आणि नाकाला लावायचे मास्क मागितले. ठेकेदार दामूशेठने दुसऱ्याच दिवशी दुसरी तीस माणसं बाहेरून ट्रकने आणून उभी केली. त्यांनाही बूट नव्हतेच. काढलेल्यांत हेमंत होता, माझ्या शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं असलेला, आता बायको आणि दोन लेकरं असलेला. तो माझ्याकडे आला आणि मी पत्रक लिहिलं. माझ्या लेखणीला धार होती, संताप खरा होता, आणि पहिल्या ओळीत दामूशेठचं नाव होतं.

छापायला द्यायच्या दोन दिवस आधी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल उभी राहिली. तिच्यावरच्या माणसाने काहीच केलं नाही. दुकानदाराला विचारून त्याने आमचं घर नक्की केलं, आई भाजी घेऊन आली तेव्हा तिला नमस्कार केला, आणि बाबांची तब्येत कशी आहे असं अत्यंत अदबीने विचारलं. बस. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा नमस्कार. मी खिडकीच्या आडून त्याच्या चकचकीत बुटांकडे बघत होते. अन्यायाविरुद्ध उभं राहावं असं मी किती व्यासपीठांवरून म्हटलं असेल! त्या संध्याकाळी मी एक नाव खोडलं. मग वाक्य लंगडं पडू लागलं, म्हणून मी त्या रिकाम्या जागी लिहिलं, ‘बाहेरून आलेल्यांनी आपल्या तोंडचा घास काढून घेतला आहे.’ खालचं माझं नावही काढलं आणि ‘एक भूमिपुत्र’ असं लिहिलं. वाक्याला लय आली होती. मी ते बाबांना दाखवलं नाही. चूक काय झाली, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

पत्रक गाजलं. एक हजार प्रती संपल्या, पुन्हा काढल्या. गावातल्या कुणाकुणाच्या मोबाइलवर माझंच वाक्य मला भेटू लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते सुखावत होतं.

त्या शनिवारी दुपारी अडीचला मी दीदीकडे गेले तेव्हा टेबलं रिकामी होती. शटरच्या पट्टीवर, आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर, माझं पत्रक चिकटवलेलं होतं. खळ अजून ओली होती. ‘बाहेरून आलेल्यांनी’ या शब्दांखाली कुणीतरी लाल रेघ ओढली होती.

दीदीने नेहमीची प्लेट आणून ठेवली. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. समोरची खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली. तिची भाषाही देवनागरीतच लिहिली जाते. त्यामुळे तिने ते पत्रक अक्षर न् अक्षर वाचलं होतं, अडलेलं मुलीकडून समजून घेतलं होतं. सकाळी चारपाच जण येऊन सांगून गेले, ती खालच्या आवाजात सांगत होती, सोमवारपासून शटर उघडायचं नाही. त्यांतले दोघं तर रोज जेवणारे. ते आज तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. हॉटेल बंद झालं तर नेपाळात, गुल्मीला परत जावं लागेल. मुलीला तिकडचं धड बोलताही येत नाही, ती तिथे कुठल्या वर्गात बसणार? हे सांगताना तिचा हात टेबलावरचं न सांडलेलं पाणी पुसत होता. मग तिने वहीचं एक कोरं पान माझ्यापुढे सरकवलं.

“बहिनी, तुम पढ़ा-लिखा है. मराठी में लिख दो, हम बुरा आदमी नहीं है. दरवाजे पे लगाएगा.” ती थांबली, शटरकडे तिने बोट केलं. “जिसने वो लिखा ना, बहुत अच्छा लिखता है. वैसा लिखो. लोग मान जाएगा.”

माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाची इतकी निर्मळ स्तुती कुणी केली नाही. मी पेन हातात घेतलं. कागदावर काही उमटेना. चटणीने जीभ आधीच बधिर झाली होती आणि मला वाटलं, आता हिच्यावरून एकही शब्द पुढे जाणार नाही. गप्प राहून तिला छान चार ओळी लिहून देता आल्या असत्या. कुणाला कळलं असतं? एवढ्यात रस्त्यापलीकडे मला हेमंत दिसला. त्याच्याबरोबर आणखी दोघं होते आणि ते रस्ता ओलांडायला थांबले होते. हेमंतला सगळं माहीत होतं, तो आत येताच बोलणार होता. म्हणून मी बोलले. माझं धैर्य किती, असं कुणी विचारलं तर एवढंच, त्याच्याआधी अर्धा मिनिट.

“दीदी, वो मैंने लिखा है.”

ती उठली, शेगडीपाशी गेली आणि तिने सिलिंडरची चावी बंद केली. ज्वाळा विझल्याचा तो बारीक ‘फुस्’ आवाज मी ऐकला. या गावात मी कितीदा धोक्याला भ्याले, धूर, वायू, भोंगा. माझ्यामुळे कुणी चावी बंद करेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

हेमंत आत आला आणि सवयीने त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळला. मग थांबला, उभाच राहिला. सोबतचा एक जण हसून म्हणाला, आज जवळ्याचे खाऊन घ्या, परवापासून भेटणार नाय. मी हेमंतला म्हटलं, मी घाबरून दामूशेठचं नाव खोडलं, ते वाक्य भित्रं आहे, त्यात दीदीचा काही संबंध नाही. मी घाईघाईने, मोठ्याने बोलत होते, जणू व्यासपीठावर होते. त्याने ऐकून घेतलं. मग तो प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर नख घासत राहिला.

“नाव तर आमाला पण म्हाईत हाय, ताई,” तो म्हणाला. “त्याच्या दारात जायाला भ्या वाटते. म्हणून हितं आलो.”

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मी दीदीकडे पाहिलं, हेमंतकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्या खोलीत जी माणसं आहेत, ती सगळी एकाच माणसाला घाबरतात आणि तो माणूस तिथे नाही. तो कुठल्याशा गार खोलीत बसला असेल. त्याला काहीच करावं लागलं नाही. एक मोटारसायकल, दोन नमस्कार. बाकीचं काम मी केलं, तेही उत्तम मराठीत.

मी तिथेच त्या वहीच्या पानावर नवं पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत दामूशेठ, कारखाना, तीस मुलं, न मिळालेले बूट, आणि नंतर आणलेल्या तीस जणांनाही न मिळालेले बूट. जुनं वाक्य माझं होतं आणि ते चूक होतं, हेही लिहिलं. खाली माझं नाव. अक्षर वाकडं आलं. दीदीने ते उभ्यानेच वाचलं, ओठ हलवत. मी म्हणाले, हे तुझ्या दारावर लावते, जुनं काढते. जुनं तिने आधीच नखांनी खरवडून काढायला घेतलं होतं.

“हमारा दीवार पे नहीं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “जिसका नाम है, उसका दीवार पे लगाओ.”

घरी येऊन मी ते पान बाबांपुढे ठेवलं. जुनं पत्रकही ठेवलं. त्यांनी भिंग धरून दोन्ही वाचली, जुनं दोनदा. मला वाटलं ते रागावतील. मला त्यांचं रागावणं हवं होतं. त्यांनी नवा कागद माझ्याकडे परत सरकवला.

“नाव घातलंस. पत्ता?”

पत्ता त्यांच्याही घराचा होता. आई दारात उभी होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी पत्ता लिहिला.

रविवारी सकाळी दहा वाजता, भर उजेडात, मी ते दामूशेठच्या ऑफिसच्या फाटकावर चिकटवलं. खळ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. हेमंत आला होता. तो पलीकडच्या पानाच्या टपरीशी उभा राहिला, अलीकडे आला नाही, पण गेलाही नाही. शेवटी वरचा कोपरा सुटून फडफडू लागला तेव्हा तो आला, तळहाताने तो कोपरा दाबून धरला आणि खळ वाळेपर्यंत तसाच उभा राहिला.

सोमवारी शटर उघडलं. अर्धंच. गिऱ्हाईक वाकून आत येत होतं. हेमंत आला नाही, त्याचे सोबतीही आले नाहीत. कुणी बंद करायलाही आलं नाही. हा विजय आहे का? मला माहीत नाही. पत्रकांत मी विजय फार वेळा लिहिला आहे, आता लिहवत नाही. जौनपूरच्या वेल्डरला आधी वाढलं गेलं, मग ओडिशाच्या मुलांना, मग मुरब्याच्या मावश्यांना. मी बसून राहिले. सगळ्यांच्या शेवटी दीदीने माझी प्लेट आणून ठेवली आणि ती शेगडीकडे परत गेली. समोरची खुर्ची तिने ओढली नाही. ती ओढेल, अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करू?

हे मी तिच्याच टेबलावर बसून लिहिते आहे. बाहेर रस्त्यावर कुणी गाडी थांबवली, शटरच्या खालच्या उजेडात कुणाचे पाय दिसले, की माझं पेन थांबतं. तिकडे तिचा झाराही थांबतो. ते पाय कुणाचे आहेत हे कळेपर्यंत आम्ही दोघी दाराकडे बघत राहतो, एकमेकींकडे न बघता.