संशोधनाच्या यादीत कासारीण

आमचा पहिला प्रस्ताव परत आला तेव्हा मी बाह्यरुग्ण विभागात होते. पुण्याच्या एका धर्मादाय ट्रस्टकडे मी तो पाठवला होता. वैद्यकीय संशोधनाला हा ट्रस्ट मदत करतो, आणि लहान गावातल्या डॉक्टरांचे कागदही वाचतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. पत्रात दोनच ओळी होत्या. ‘प्रश्न महत्त्वाचा आहे. पण तुमच्या प्रस्तावात बायका कुठे आहेत?’ खाली एक फोन नंबर होता.

मला रागच आला. नांदेडच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी रोज बायकाच तपासत होते. कंधारकडून, मुखेडकडून बायका यायच्या त्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पार पसरल्यावर. “अंगावरून जातंय,” एवढंच सांगायच्या. कधीपासून, असं विचारलं की मान खाली. हा आजार होण्याच्या कितीतरी आधी त्याचा विषाणू सापडू शकतो. त्यासाठी एक मऊ ब्रश मिळतो. बाईनं घरीच, स्वतःच्या हातानं नमुना घ्यायचा आणि नळीत घालून द्यायचा. आमच्या खेड्यांतल्या बायका हे करतील का, एवढंच मला शोधायचं होतं. त्याआधी मी दोन तपासणी शिबिरं घेतली होती. मांडलेल्या खुर्च्या तशाच उचलून ठेवाव्या लागल्या होत्या.

मी फोन लावला. पलीकडे ट्रस्टच्या सल्लागार होत्या, निवृत्त शास्त्रज्ञ. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “शिबिराला बायका का आल्या नाहीत, हे तुम्ही कुणाला विचारलंत?”

“बायका लाजतात, मॅडम.”

“हे तुम्हाला वाटतं. विचारलंत का?”

मी विचारलं नव्हतं. आतापर्यंतचं सगळं शिक्षण त्या एका प्रश्नापुढे फिकं पडलं.

पुढच्या रविवारी मी कंधारची एसटी धरली आणि तिथून रिक्षानं शिबिर झालेल्या गावी गेले. गावच्या आशा सेविकेनं एका घरी नेलं. घरात लगीनघाई होती, ओसरीवर कासारीण बांगड्या भरत बसली होती आणि बायका तिच्यासमोर रांगेनं हात पुढे करत होत्या. मी कोपऱ्यात टेकले. तासाभरात जे ऐकलं, ते माझ्या टेबलापुढे कुणीच कधी बोललं नव्हतं. एकीचा हात कासारणीच्या हातात, नजर बांगडीवर, आणि तोंडानं, “मावशी, लई पांढरं जातंय. कंबर धरून राहिली.” कासारीण म्हणायची, “दवाखान्यात जा की.” ती म्हणायची, “कोनासंगं जाऊ?”

गर्दी ओसरल्यावर मी कासारणीला विचारलं, “मावशी, आमच्या शिबिराला कुणी कसं आलं नाही?”

ती हसली. “बाई, तुमी पडदा कुठं लावला होता? शाळेत. शाळा कुठं हाय? पारासमोर. पडद्याच्या आत कोन गेली अन् किती येळ बसली, ह्ये अख्खं गाव बघतंय. कामून येतील?”

दुसरा प्रस्ताव मी तिला विचारून विचारून लिहिला. क्षेत्रीय संशोधन सहायक म्हणून तिचं नाव घातलं. माझे सहकारी म्हणाले, आता तर नक्कीच परत येईल. पण ट्रस्टची तीन माणसं थेट नांदेडला आली, त्यांत फोनवरच्या शास्त्रज्ञबाईही होत्या. कासारीण इरकल नेसून, पदर घट्ट लपेटून समोर बसली.

एका सदस्यांनी विचारलं, “शिक्षण?”

“चौथी.”

“या कामात गुप्तता फार महत्त्वाची असते. ती तुम्ही कशी पाळणार?”

ती सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, “सायेब, तीस वर्सं घराघरात बसून राहिले. ह्या घरचं त्या घरी नेलं असतं, तर मला कुनी दारात उभं केलं असतं का?”

मग त्या शास्त्रज्ञबाई म्हणाल्या, “माझ्याकडे आता काही प्रश्न नाही.”

मंजुरी आली. पण अडचण पहिल्याच आठवड्यात उभी राहिली. संमतीपत्र चार पानांचं होतं आणि शेवटी अंगठा द्यायचा होता. अंगठा म्हटल्यावर बायका मागे सरकल्या. अंगठ्यावर जमिनी गेलेल्या घरातल्या लेकीसुना होत्या त्या. नळ्या पिशवीत तशाच राहिल्या. भीत भीत मी पुण्याला कळवलं, आमचं वेळापत्रक कोलमडलंय. वाटलं होतं, झापतील. शास्त्रज्ञबाई म्हणाल्या, “हेच तर संशोधन आहे. संमतीचा कागद बायकांना सोबत घेऊन पुन्हा लिहा. मुदत आम्ही वाढवतो.”

आम्ही लिहिला. कासारीण मला एकेक वाक्य बायकांना वाचून दाखवायला लावायची आणि त्या “न्हाई समजलं” म्हणाल्या की मी खोडायची. चार पानांचं एक पान झालं. अंगठ्याऐवजी साक्षीदारासमोर तोंडी होकार ठरला. रुग्णालयाच्या नैतिकता समितीनं तो नव्यानं तपासून मान्य केला. नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक, हेही त्या पानावर ठळक आलं. मध्यंतरी ट्रस्टनं एका अनुभवी तंत्रज्ञाला पाठवून आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलींना तयार केलं.

मग नळ्या यायला लागल्या. कासारणीनं स्वतःचीही दिली.

निकालाची पाकिटं मी उघडत असे; कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी माझ्याकडेच होती. तिच्या क्रमांकापुढे विषाणू सापडला होता. तिला बोलावून तपासलं, तर पिशवीच्या तोंडावर सुरुवातीचा बदल दिसत होता. मी समोर बसून सांगितलं. तिनं विचारलं, “मरन हाय का ह्ये?”

“न्हाई मावशी. मरणाच्या लई आधी सापडलंय.”

त्याच सकाळी उष्णतेनं तो भाग जाळून टाकला. काही मिनिटांचं काम. ती उठली, लुगडं नीट केलं, बाकावर बसून चहा प्याली. मी म्हणाले, “हे तुमच्या-माझ्यात राहील. कुणाला कळायचं कारण नाही.”

“कामून?” ती म्हणाली. “दुसरीचं सांगनार न्हाई. माजं मी सांगीन.”

आणि तिनं सांगितलं. ओसरीवर, विहिरीवर, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या घोळक्यात. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा जागा स्वच्छ होती, तेही सांगितलं. त्यानंतर आम्हाला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. बायकाच निरोप धाडायच्या, नळी पाठवा म्हणून. ज्यांच्यात बदल सापडले त्या सगळ्या उपचाराला आल्या. काहीजणींसोबत सासवा आल्या आणि जाताना स्वतःसाठी नळी मागून गेल्या. ‘बायका लाजतात’ हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

ट्रस्टच्या वार्षिक सभेत मी निष्कर्ष मांडले. नंतर कासारीण पाच मिनिटं बोलली, अगदी तिच्या बोलीत. पुण्यातलं ते सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठून उभं राहिलं. त्या गर्दीतून शास्त्रज्ञबाई पुढे आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. माझे डोळे भरून आले होते आणि पुसायचं भान नव्हतं.

पुढचा टप्पा मंजूर झाला: लातूर जिल्ह्यात, देवणी आणि मुरुडला. मुरुड माझं माहेर. पहिलं प्रशिक्षण तिथेच ठेवलं. नव्या निवडलेल्या बायकांत एक शिवणकाम करणारी होती, एक अंगणवाडीतून निवृत्त झालेली, दोघी बचत गटाच्या. शिकवायला कासारीण उभी होती. मी मध्येच उठून विषाणूबद्दल सांगायला लागले, तर तिनं मला थांबवलं.

“बाई, तुमी लई भराभरा सांगता. घाई केली की बायका ‘व्हय’ म्हनतात अन् करत न्हाईत.”

वर्ग खळखळून हसला. मीही हसले, मागच्या रांगेत जाऊन बसले आणि ती काय काय सांगते ते वहीत उतरवून घ्यायला लागले. जेवणाच्या सुट्टीआधीच दारात शेजारच्या गल्लीतल्या चार-पाच बायका येऊन उभ्या होत्या. त्यातली एक आत डोकावून मोठ्यानं म्हणाली, “आमच्या गल्लीत कवा येनार? आमी तयार हाव.”