समुद्रघोड्याची हौस

लातुरात शोभेच्या माशांचं दुकान चालवणारा तो माणूस टाकीपाशी गेला की आवाज बारीक करायचा. एकदा मी त्याच्याकडे समुद्रघोडा मागितला.

"त्याच्यावर बंदी हाय, सर. आन् तोच कशाला पायजे?"

"इथं कुणाकडंच नाही म्हणून," मी खरं ते सांगितलं.

"मलाबी तसंच वाटलं होतं. चोरून आणला एक. समुद्रात गवताला शेपूट गुंडाळून ऱ्हातो म्हणे. टाकीत धरायला काहीच न्हवतं, तर माझं बोट धरायचा. चौथ्या दिवशी बोट घातलं, तर धरलंच न्हाई."

त्याने करंगळी मुठीत झाकून घेतली.

मला समुद्रघोडा नव्हे, मिरवणं हवं होतं. मी चार साधे गप्पी मासे घेतले. पिशवीला हिसका बसू नये म्हणून तो स्कूटरपर्यंत ती स्वतः घेऊन आला.