सासऱ्यांनी पाहिलेली पंगत

“बसवू नका त्यांना. एकदा बसले की उठायचे न्हाईत हे लोक. पत्रावळ्या आत घ्या आधी.”

भर दुपारी खाटेवर उभं राहून माझे सासरे ओरडत होते. साखर कारखान्याचा भोंगा चार गावं ऐकतात. सासऱ्यांचा आवाज त्या दिवशी गोदावरी ओलांडून पुणतांब्याला गेला आणि वाटेत दोन म्हशी आटवून परत आला.

ही करोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. कोपरगावच्या एका मंगल कार्यालयात खाटा टाकून दवाखाना केला होता. माझं लग्न याच कार्यालयात लागलेलं. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, शेजारी ऑक्सिजनचे सिलिंडर. माझ्या नाकात नळी होती. शेजारच्या खाटेवरच्या सासऱ्यांची छाती माझ्यापेक्षा बरी होती, पण साखर जुनी, आणि छातीसाठी दिलेल्या स्टिरॉइडनं ती अशी चढली, की डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. जेवणाआधी सुई, मग ताट.

त्यात मुंग्या आल्या. सासऱ्यांच्या खाटेच्या पायाला काळी रांग. मी सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं, की तालुक्यातल्या मुंग्या कारखाना सोडून आमच्या मामांकडं निघाल्यात, गाळप बंद पडणार. लोक खोकत खोकत हसले. सिस्टरही म्हणाली, “एवढी साखर म्हटल्यावर येणारच मुंग्या.”

“मामा, खाली बसा,” त्या दुपारी मी सासऱ्यांना म्हणालो. “कोणी नाही तिथं.”

“न्हाई कसं? वऱ्हाड आलंय. पाय बघा त्यांचे, वलेत. नदीतनं चालत आल्यात.”

मी थापाड्या आहे, तालुका जाणतो. पण हे लिहिताना हात आखडता घेतोय. वीज गेली होती, पंखे थांबलेले, वारा नव्हता. तरी स्टेजवरच्या प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा हलत होत्या, जणू खालून कुणी एकेक जण वाकून जातंय. आणि एका खुर्चीची मखमल मधोमध दबलेली होती. पांढऱ्या किटमधली, चेहरे नसलेली चार माणसं मामांना धरायला आली, तेव्हा त्यातली आपली किती आणि वऱ्हाडातली किती, हे मला सांगता येईना.

“विषाणू डोक्यात गेला यांच्या,” एक किट म्हणालं.

मामांचा सदरा घामानं चिंब झाला होता आणि हात थरथरत होते. मग ते कुजलेली फांदी पडावी तसे गादीवर कोसळले. माझी बायको बाहेर फाटकाशी बसलेली. आत बाप आणि नवरा. तिला आता काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

सिस्टरनं बोट टोचलं. यंत्राकडं बघून तिचा आवाज बदलला. “साखर वाढली नाहीये, पार तळाला गेलीय. ग्लुकोज आणा.” शिरेतून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळानं मामांनी डोळे उघडले आणि वीज गेली का, असं विचारलं.

सिस्टर वाकली आणि मुंग्यांच्या मागं मागं खाटेखाली गेली. तिथं कापडी पिशवी निघाली. आत पोळ्या, वाळलेली उसळ, काळी पडलेली केळी. दोन दिवसांची दुपारची ताटं.

“आजोबा, सुई घ्यायची आणि जेवायचं नाही? मरायचंय का?”

“नवस हाय. दुपारचं खायचं न्हाई.”

“मग सांगायचं होतं ना, सुई कमी केली असती.”

“सांगितलं की फळत न्हाई.”

“आणि कसला नवस?”

मामांनी माझ्या नाकातल्या नळीकडं बोट दाखवलं आणि कूस बदलली. सिस्टरनं समोर उभं राहून त्यांना अख्खी पोळी खायला लावली. देवाची समजूत मी काढते, म्हणाली.

माझी नळी निघाल्यावर मी त्यांना विचारलं. नेहमीच्या चेष्टेनंच विचारणार होतो, पण आवाज बारीक निघाला.

“मामा, ते वऱ्हाड काय म्हणत होतं हो?”

मामा पोळीचा तुकडा उसळीत बुडवत होते.

“नवरदेव कुठंय, इचारत हुते. मी म्हनलं, मीच.”