एफ-वनच्या पानावरचे जयवंतराव

निरुपमा मोहितेला ती राहायची त्या तरसालीत कुणी विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये तुम्ही नेमकं करता तरी काय?" तर ती सांगायची, "माणूस अडला की एफ-वनचं बटण दाबतो ना, तेव्हा मदतीचं जे पान उघडतं ते मी लिहिते." ऐकणारा मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, ते वाचतं कोण? खरंच आहे, एरवी कुणी वाचत नाही. पण अडला हरी कुणाचे पाय धरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वाघोडियाच्या कारखान्यातला अडलेला स्टोअरकीपर निरुपमाचं पान धरायचा.

तिची कंपनी सयाजीगंजात, स्टेशनच्या बाजूला. वाघोडियाच्या कारखान्यांतल्या स्टोअरसाठी सॉफ्टवेअर करायची. निरुपमाची रीत अशी, की ऑफिसात बसून एक ओळ लिहायची नाही. बस पकडून कारखान्यात जायचं, काम करणाऱ्याच्या मागे स्टूल टाकून बसायचं, आणि तो जिथे अडखळेल तिथलं पान लिहायचं. उदाहरणातही नाव त्याचंच. 'समजा, जयवंतरावांनी दहा बोल्ट दिले, पण नोंद करायची राहिली.'

हे जयवंतराव खरे होते, तिथल्याच एका कारखान्यातले स्टोअरकीपर. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत घोड्यावर, आणि हे माऊसला हात लावायला घाबरायचे! खिडकीशी माणूस आला की आधी माल द्यायचे, नोंद आठवायची थेट चहाच्या वेळी. अर्धीअधिक पानं त्यांच्याच चुकांतून जन्माला आली म्हणा ना. पुढे कुणीही पाहुणा आला की एफ-वन दाबून त्याला आपलं नाव दाखवायचे. दुपारी सेव-उसळ मागवायचे आणि म्हणायचे, "निरुपमाबेन, आज काही नवीन चुकू का?" काय दिवस होते ते! निरुपमाला आजही त्या स्टोअरमधला ग्रीसचा वास आठवतो.

मग ही सगळी पानं ज्यात होती ती मदतीची फाईलच जुनी झाली. नव्या विंडोजमध्ये उघडेना. काही कारखान्यांनी तेवढ्यासाठी एकेक जुना कॉम्प्युटर सांभाळला, पण किती दिवस सांभाळणार? या वर्षी तिच्या कंपनीचा तरुण मालक विक्रमसिंह म्हणाला, "ताई, सगळं वेबवर न्या. आणि खरी नावं नकोत, 'वापरकर्ता एक' लिहा. ठेवायचीच असतील तर त्या माणसाची लेखी संमती आणा."

वापरकर्ता एक! बारशाला काय हेच ठेवलं होतं? निरुपमा भयंकर चिडली. बाकीच्यांपैकी कुणी वारले होते, कुणी गाव सोडलं होतं. त्यांची नावं तिने मन घट्ट करून काढली. जयवंतरावांचं काढवेना. ते नाव गेलं तर आपली सगळी उमेदीची वर्षंच पुसली जातील, असं तिला वाटलं. हे मात्र ठेवायचंच, तिने ठरवलं.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन मकरपुऱ्याला त्यांच्या घरी गेली. त्यांची सून मृदुला आत चहा करायला गेली. जयवंतरावांनी चष्मा लावून पान वाचलं, पोटभर हसले. निरुपमाने संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा मात्र त्यांनी पेन घेतलं नाही.

"माझं नाव काढ, निरुपमा."

"का हो, काका? राग आला का कसला?"

"राग कसला, अगं. माझ्या जागेवर आता वैष्णवी म्हणून एक पोरगी बसते. नवीन आहे, घाबरते. तुला सांगू, माझं नाव तिथे दिसलं की मला केवढा धीर यायचा. वाटायचं, आपण चुकणार हे कुणीतरी आधीच धरून चाललंय, आणि तरी रागावलेलं नाही. आता तो धीर तिला दे. जा तिच्याकडे, विचार, आणि तिचं नाव घाल."

निरुपमाच्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायचं सुचलंही नाही. मृदुला चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

"आत्ता काढ," जयवंतराव म्हणाले. "माझ्यासमोर. घरी गेलीस की तुझ्याच्याने व्हायचं नाही."

तिने एकेक अक्षर खोडलं. ते पुढे वाकून शेवटपर्यंत बघत राहिले.

"गेलं?"

"गेलं, काका."

"हां," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.