टॉवर बंद होता, हे मला माहीत होतं

असे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बौद्ध घरात उतारा, अंगात येणं, पित्रं... हे सगळं आजोबांच्या काळापासून बंद. गावात कुणी भुताचं काही सांगायला लागलं की माझे वडील म्हणायचे, "त्याले माह्या घरी चहाले घेऊन ये." आणि मी स्वतः नांदुऱ्यात डिश बसवतो, सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करतो. सिग्नल म्हणजे काय, तो कुठून येतो नि कुठे अडतो, हे मला नीट कळतं. म्हणूनच हे लिहायला वर्ष लागलं.

गाव मोताळा तालुक्यात, नांदुऱ्याच्या रस्त्याला. नाव देत नाही, कारण आई अजून तिथेच राहते. घर दोन खोल्यांचं, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, आणि आतल्या खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा. वर जायला एक चौकोनी भोक आणि सात पायऱ्यांची शिडी. त्या माळ्यावर बाबांची टीव्हीची अँटेना होती.

अँटेना घरात कशी, असं विचाराल. तर आमच्याकडे वानरांचा फार ताप. छपरावरच्या दोन अँटेना त्यांनी लोंबकळून मोडल्या, तेव्हा बाबांनी तिसरी स्वतः अॅल्युमिनियमच्या नळ्या कापून बनवली आणि माळ्यावर उभी केली. मातीच्या कवेलूतून सिग्नल येतो, टिनातून येत नाही... कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने हे आपलं आपण शोधलं! शेजाऱ्यांनी टिनं टाकली, बाबांनी हट्टाने कवेलू ठेवले. महिनाभर नळी इंच-इंच फिरवून त्यांनी जागा पक्की केली, बुलढाण्याकडे, घाटाच्या दिशेने, आणि फळीवर पेन्सिलने खूण मारली. गावात सगळ्यात स्वच्छ चित्र आमच्याकडे दिसतं, हे ते परक्यांच्या लग्नातसुद्धा सांगायचे. आम्ही भावंडं कोपऱ्यात तोंड लपवायचो.

अँटेना फिरवायला दोन माणसं लागतात. एक वर, एक टीव्हीपुढे. वरचा ओरडणार, "आलं काय?" खालचा सांगणार — आलं, गेलं, मुंग्या आल्या. आमच्या घरी आणखी एक नियम होता. खालून "राहू द्या" असं ऐकू येईपर्यंत बाबा उतरायचे नाहीत, मग कितीही वेळ होवो.

पुढे घाटावरचा दूरदर्शनचा टॉवर बंद झाला. गावात बहुतेकांकडे डिश, त्यामुळे कुणाला पत्ताही लागला नाही. मला लागला, धंदाच तो. पण बाबांना मी सांगितलं नाही. एक तर म्हातारा माळ्यावर गुंतलेला असला की घरात शांतता असायची. आणि डिशवाल्या पोराने बापाला तोंडावर कसं सांगायचं की तुमच्या अँटेनात आता राम उरला नाही? आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. ते मात्र रोज म्हणायचे की नळी कुठेतरी सरकली आहे, जागा सापडेल.

ती मे महिन्यातली दुपार. आई मोताळ्याला लग्नाला गेली होती, मी गावी आलेलो. बाबा वर चढले आणि मला टीव्हीपुढे बसवलं. समोर नुसत्या मुंग्या. "आलं काय रे, दिल्या?" मी म्हणालो, नाही. पुन्हा तेच. दहा-बारा वेळा तरी झालं असेल. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, शेजारच्या गावात डिश हलली होती. मी बोलत बोलत बाहेर पडलो, गाडीला किक मारली. मागून "आलं काय?" ऐकू आलं. मी ते ऐकलं. उत्तर दिलं नाही.

चार वाजता परतलो, तर बाबा माळ्यावर भिंतीला टेकून बसलेले, एक हात नळीवर. अंग थंड नव्हतं, उलट तापलेलं होतं, पण माणूस गेला होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. आईला आणि सगळ्यांना मी सांगितलं की मी सकाळीच निघालो होतो, बाबा मागाहून एकटेच चढले असतील. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात उभं राहूनही मी तेच बोललो.

त्यानंतर टीव्हीला येणारी चपटी वायर मी कापून टाकली. शिडी अंगणात नेऊन ठेवली. अँटेनाला हात लावायचं धाडस झालं नाही, ती तशीच राहिली. आई एकटी, म्हणून नांदुऱ्याला चल असा तिच्या मागे लागलो, तर ती टाळायची. बरोबर वर्षाने, गेल्या मे महिन्यात, फोनवर सहज म्हणाली, "दुपारी टीव्ही लागून राह्यला आता. धड चित्र नाई दिसत, पन येते-जाते."

आईचं डोकं फिरायला लागलं असंच वाटलं आणि या वेळी तिला घेऊनच यायचं ठरवून दुसऱ्या दिवशी गेलो. ती टीव्हीपुढे बसली होती आणि वर तोंड करून सांगत होती, "गेलं... थोडं इकडं घ्या." मला बघून तिने हातानेच खूण केली, बस.

वायर नसलेल्या जुन्या टीव्हीवर मुंग्यांशिवाय दुसरं काय असणार? पण बघता बघता त्या मुंग्या एका बाजूला सरकल्या, मध्ये काळे पट्टे आले, पट्टे तिरके झाले, पुन्हा मुंग्या. वीस वर्षं हे काम करतोय. वर कुणी अँटेना हळूहळू फिरवत असलं की असं दिसतं. आणि वायरचं कापलेलं टोक तर मला समोर भिंतीवर दिसत होतं.

अंगणातली शिडी आत आणून वर गेलो. फळ्यांवर वर्षाची धूळ. तिच्यावर पाऊल नाही, उंदराची रेघसुद्धा नाही. नळी मात्र पेन्सिलच्या खुणेपासून चांगली वीतभर फिरलेली. ती खुणेवर आणली, तारेने आवळून बांधली, खाली उतरलो आणि शिडी पुन्हा अंगणात टाकली. आईला म्हटलं, उन्हाने धातू फुगतो, त्याने फिरली असेल. कपडे भर म्हटलं, तर भरायला लागली.

अडीच वाजले असतील. वर नळी फळीवर घासल्याचा आवाज आला. मग तार ताडकन सुटली. आणि मग हाक, शाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलेली.

"आलं काय रे, दिल्या?"

आईच्या हातातली साडी हातातच राहिली. म्हणजे तिनेही ऐकलं. बाहेर पळावं असं वाटलं, पण तिथून एकदा पळालोच होतो.

"टावर बंद हाये, बाबा," मी म्हणालो. "कवाचाच बंद हाये. त्या दिवशी तुमी मले खाली बसवून वर चढले तवाबी मले माहीत होतं. राहू द्या आता. खाली या."

घासणं थांबलं. टीव्ही काळा पडला. मग आतल्या खोलीत शिडी कुरकुरली. एक पायरी, थांबून दुसरी... मी मोजल्या, सात झाल्या. शिडी दारातून मला अंगणात आडवी पडलेली दिसत होती.

आई आतल्या खोलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"म्हंजे तू घरीच होता," ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली. मग ती पिशवीतल्या साड्या एकेक काढून पुन्हा पेटीत ठेवायला लागली. ते आता खाली आले, मी कशी येऊ, एवढंच म्हणाली. आतल्या खोलीत डोकावायची माझी छाती झाली नाही. तसाच गाडी काढून नांदुऱ्याला आलो.

एका जाणकार ओळखीच्या माणसाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, जुना टीव्ही, बाजूने जाणारी विजेची लाईन, आणि मनाला लागलेली टोचणी. टोचणी आहे, मान्य. पण मग आईने काय ऐकलं? धुळीत बोटाचाही ठसा नसताना नळी कुणी फिरवली?

आई ठणठणीत आहे. दुपारी टीव्ही लावत नाही, वर तोंड करून बोलत नाही. मी जातो, पण अंगणातूनच सामान देतो, उंबरा ओलांडत नाही. तीही आग्रह करत नव्हती. गेल्या आठवड्यात मात्र फोन ठेवता ठेवता, कुणाचा निरोप सांगावा तशी म्हणाली, "एकदा आत येऊन जाय. मी सांगून पाह्यलं, पन ते म्हन्तात, त्या दिवशी कुठी गेलता ते तुह्याच तोंडून आयकतो."

येत्या रविवारी जायचं ठरवलं आहे. मागच्या रविवारीही ठरवलं होतं.