शेजारच्या खुर्चीतलं हसू

साताऱ्यात नव्या लेखकांच्या एकांकिकांचा कार्यक्रम होता. माझी पहिलीच एकांकिका, तीही विनोदी. सासू साखरेच्या डब्याला कुलूप लावते आणि सुनेला पाहुण्यांपुढे बिनसाखरेचा चहा ठेवावा लागतो, एवढीच गोष्ट. बराच वेळ कुणी हसलंच नाही. मी शेवटच्या रांगेत बसले होते. उठून घरी जावं असं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या अनोळखी बाई फसकन हसल्या. इरकल नेसलेल्या, मांडीवर भाजीची पिशवी. आधी त्यांनी तोंडाला पदर लावला, मग तो सोडून माझ्याच गुडघ्यावर थाप मारली आणि खदखदून हसल्या. पुढच्यांनी वळून पाहिलं आणि तेही हसू लागले. बघता बघता सगळं नाट्यगृह हसायला लागलं. मी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

पडदा पडल्यावर मी म्हटलं, "मावशी, ही मीच लिहिलीय."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "आमची सासू अशीच हुती. दारात ऊस हुबा, अन् घरात साखरंला कुलूप! तवा लय रडायची मी."

डोळे पुसत त्या उठल्या, पिशवी उचलली.

"इतकी वर्सं उरावर हुतं बग पोरी. आज हसून टाकलं."